रोहित्राची पारख

वीज गेली की आपल्याला बॅटरीची आठवण होते आणि वीज आली की तिचा विसर पडतो. या दोन घटनांच्या मधल्या काळात जे उपकरण कोपऱ्यात बसून निमूटपणे बॅटरी भरत असते, त्या चार्जरची आठवण तर सहसा कोणालाच होत नाही. आणि चार्जरच्या पोटात जो लोखंड-तांब्याचा जड गोळा असतो, त्याचे नावही पुष्कळांना ठाऊक नसते. रस्त्याच्या कडेला दोन खांबांवर चढवलेल्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरला वीज मंडळाच्या कागदपत्रांत 'रोहित्र' म्हणतात. चार्जरमधला गोळा हे त्याच घराण्यातले धाकटे भावंड होय. आम्हांला हा शब्द आवडतो. म्हणून ह्या लेखात तोच वापरू.

दहा कुमारिकांचा दाखला आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकला आहे. पाच जणींच्या हाती दिवे होते, पण तेल नव्हते. आमच्या मते विजेच्या युगात त्या दाखल्याचा उलगडा चार्जरपाशी होतो. बॅटरी म्हणजे दिवा. तेल भरण्याचे काम चार्जरचे. तेल वेळेत भरले जाईल की नाही, हे अखेर रोहित्रावर ठरते. मोठ्या प्रवाहाचा चार्जर घरी बांधायचा असेल, तर त्यासाठी रोहित्र कसे निवडावे, हा प्रश्न म्हणूनच वाटतो तितका केवळ तांत्रिक नाही.

आमच्यापुढे तो कसा आला, ते थोडक्यात सांगतो. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याजवळून गुजरातकडे गेले. वसईच्या वाड्यांमधून केळी झोपल्या, माड पडले, खांब वाकले आणि अनेक गावे अंधारात गेली. करोनाच्या दुसऱ्या लाटेचे ते दिवस. आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध गृहस्थ रुग्णालयातून नुकतेच घरी परतले होते. त्यांची फुप्फुसे अधू झाली होती आणि रात्री त्यांना हवेतून प्राणवायू वेगळा काढणाऱ्या यंत्राचा आधार लागे. ते यंत्र विजेवर चाले. त्या रात्री शेजाऱ्यांनी प्राणवायूचा सिलिंडर मिळवला, दुसऱ्या दिवशी एका शेतकऱ्याने आपला जनरेटर आणून दिला, आणि देवाच्या दयेने वेळ निभावली. पण पुढचा पावसाळा येणारच होता. म्हणून आम्ही चौघांनी, म्हणजे कारखान्यातून निवृत्त झालेले एक वायरमन काका, पॉलिटेक्निकमध्ये शिकणारा एक तरुण, एक शिक्षक आणि प्रस्तुत लेखक यांनी, धर्मग्रामासाठी एक कायमची सोय करून ठेवण्याचे मनावर घेतले.

हिशेब असा होता. ते यंत्र सुमारे ३०० वॅट वीज घेई. इन्व्हर्टरमधली घट धरली तर १२ व्होल्टच्या बॅटरीमधून त्यासाठी जवळजवळ ३० अँपिअर प्रवाह जातो. रात्रीचे सहा तास म्हणजे १८० अँपिअर-तास. १५० अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या समांतर जोडल्या, तर रात्र निघते. परंतु रिकाम्या झालेल्या बॅटऱ्या भरायच्या केव्हा? जनरेटर सकाळी चार आणि संध्याकाळी चार असे आठ तास चालवणे शक्य होते. त्या वेळात यंत्रही थेट जनरेटरवरच चालणार. शिशाच्या बॅटरीतून जेवढे काढले, त्याहून साधारण पाचवा हिस्सा अधिक परत भरावे लागते. म्हणजे १८० च्या जागी २१६. इन्व्हर्टरचा स्वतःचा चार्जर दहा अँपिअरचा. आठ तासांत तो ऐंशी भरणार. त्यावर दुसरी रात्र निघणे शक्य नव्हते. ३० अँपिअरचा चार्जर मात्र ते काम सात-सव्वासात तासांत करतो. दोन बॅटऱ्यांत तो प्रवाह विभागला, की प्रत्येकीला १५ अँपिअर, म्हणजे तिच्या क्षमतेच्या दहावा भाग मिळतो. बॅटरीच्या प्रकृतीलाही हे प्रमाण मानवते.

आता रोहित्राकडे वळू. लोखंडाच्या एकाच गाभ्यावर तारेची दोन वेटोळी गुंडाळलेली असतात. पहिल्यात २३० व्होल्टची वीज जाते. तिचा प्रवाह क्षणोक्षणी दिशा बदलत असल्याने गाभ्यात चुंबकत्व चढते-उतरते, आणि त्या चढउतारामुळे दुसऱ्या वेटोळ्यात वीज निर्माण होते. फेऱ्यांच्या प्रमाणात दाब कमी-अधिक करता येतो. दोन्ही वेटोळ्यांचा एकमेकांना स्पर्श नसतो. मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली लंडन येथे लोखंडी कड्यावर दोन वेटोळी गुंडाळून हे तत्त्व प्रथम दाखवले.

आपल्या वाचकांना अधिक जवळचे वाटेल, असे एक नाव या इतिहासात आहे. आयर्लंडमधील मेनूथ येथील सेंट पॅट्रिक्स कॉलेज ही धर्मगुरूंना घडवणारी संस्था. तेथे फादर निकोलस कॅलन १८२६ पासून १८६४ मध्ये मृत्यू येईपर्यंत पदार्थविज्ञान शिकवत असत. उच्च शिक्षणासाठी ते रोमला असताना गॅल्व्हानी आणि व्होल्टा या इटालियन संशोधकांच्या कार्याची त्यांना गोडी लागली. १८३६ साली त्यांनी प्रवर्तन-वेटोळे तयार केले. जाड तारेच्या थोड्या फेऱ्यांतून बॅटरीचा प्रवाह सोडायचा, तो एकाएकी तोडायचा आणि बारीक तारेच्या असंख्य फेऱ्यांतून प्रचंड दाबाची ठिणगी मिळवायची, अशी ती रचना. हेच यंत्र पुढे पॅरिसच्या रुमकॉर्फ यांच्या नावाने जगभर ओळखले गेले, आणि मेनूथचा पाळक-प्राध्यापक कित्येक वर्षे विस्मरणात राहिला. फादर कॅलन यांनी संत आल्फोन्सस लिगोरी यांच्या आध्यात्मिक लेखनाची इंग्रजी भाषांतरेही केली. सकाळी वेदीपाशी, दुपारी तांब्याच्या तारेपाशी आणि रात्री संतांच्या वचनांपाशी बसणारा हा माणूस आम्हांला फार जवळचा वाटतो. आम्हांला जे हवे होते, ते त्यांच्या यंत्राच्या नेमके उलट: दाब कमी, प्रवाह मोठा. तत्त्व मात्र तेच. पुढे १८८५ मध्ये बुडापेस्टच्या गान्झ कारखान्यातील झिपर्नोव्स्की, ब्लाथी आणि डेरी या तिघांनी बंद गाभ्याचे व्यवहारोपयोगी रोहित्र सिद्ध केले आणि विजेचे युग खऱ्या अर्थाने सुरू झाले.

निवडीच्या वेळी पहिला गोंधळ होतो तो दाबाविषयी. बॅटरी १२ व्होल्टची, म्हणून रोहित्रही १२ व्होल्टचे, असे सहज वाटते. परंतु भरत आलेल्या बॅटरीचा दाब १४.४ व्होल्टपर्यंत चढतो. शिवाय वीज एकाच दिशेने वाहावी म्हणून जो डायोडांचा पूल घालावा लागतो, तो एवढ्या प्रवाहाला सुमारे दोन व्होल्ट खातो. १२ व्होल्टच्या रोहित्राची लाट शिखराशी १७ व्होल्टपर्यंत पोहोचते खरी, पण दोन व्होल्ट वजा जाता बॅटरीच्या वर ती फारच थोडा वेळ राहते. भार आला की तेवढेही उरत नाही. उलटपक्षी २४ व्होल्टचे रोहित्र घेतले, तर प्रवाह आवरता आवरत नाही, आणि बॅटरीतले पाणी उकळू लागते. १५ ते १६ व्होल्ट हे मधले माप योग्य. त्यातही एक-दोन टप्पे काढून घेतले, तर रिकाम्या बॅटरीला खालच्या टप्प्यावर आरंभ करून नंतर वर चढता येते.

दुसरा मुद्दा प्रवाहाचा, आणि येथे जाणतेही चकतात. बॅटरीला ३० अँपिअर हवेत, म्हणून ३० अँपिअरचे रोहित्र पुरेल, हा समज बरोबर नाही. लाटेचा माथा बॅटरीच्या दाबाच्या वर असतो, तेवढ्याच वेळात प्रवाह वाहतो. सरासरी तीस यायची असेल, तर त्या अल्प अवधीत पुष्कळ मोठा प्रवाह जावा लागतो. तार तापते ती या उसळ्यांनी. त्यासाठी दीडपट धरावे, हा सुरक्षित हिशेब. ४५ अँपिअर आणि १६ व्होल्ट यांचा गुणाकार ७२० होतो. म्हणजे ७५० व्हीएचे रोहित्र हवे. अशा रोहित्राचे वजन दहा किलोच्या आसपास भरते. बाजारात तीन किलोच्या रोहित्रावर '३० अँपिअर' असे मोठ्या अक्षरांत छापलेले आम्ही पाहिले. घटकाभर ते तेवढा प्रवाह देईलही. पण घटकाभराने आमची रात्र निघणार नव्हती.

मग उमेदवार पुढे येऊ लागले. सर्वांत प्रथम आले मायक्रोवेव्ह ओव्हनमधले रोहित्र. आमच्या तरुण मित्राला ते भंगारात जवळजवळ फुकट मिळाले होते.

"काका, ह्याचं वरचं वेटोळं काढून जाड केबल गुंडाळली की झालं. पैसेही वाचतील," तो उत्साहाने म्हणाला.

काकांनी ते हातात घेऊन उलटसुलट केले. "बाळा, हे दहा-पंधरा मिनिटं जेवण गरम करण्यासाठी घडवलंय. तेही शेजारी पंखा ठेवून. आपल्याला आठ तास हवेत."

काकांचे म्हणणे शास्त्राला धरून होते. त्या रोहित्रात लोखंड आणि तांबे दोन्ही बेतानेच वापरलेले असते. गाभा चुंबकत्वाने इतका काठोकाठ भरलेला असतो, की भार नसतानाही तो तापतो. शिवाय त्याच्या मूळच्या वेटोळ्यात दोन हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो. ओव्हन उघडून ह्या वस्तूशी खेळताना जगभर अनेकांनी प्राण गमावले आहेत. बंद पडलेल्या ओव्हनच्या कपॅसिटरमध्येही वीज साठून राहिलेली असू शकते. घरातील मुलांना हे आवर्जून सांगावे, असे आम्हांला वाटते.

दुसरा उमेदवार वेल्डिंगचे रोहित्र. प्रवाहाला तोटा नाही. पण त्याचा मोकळा दाब पन्नास व्होल्टच्या वर. बॅटरीला हा खुराक पचणारा नाही. तिसरा उमेदवार डिमरस्टॅट. मूठ फिरवून हवा तेवढा दाब घ्यावा, इतके ते सोयीचे. परंतु त्यात एकच वेटोळे असते. घरातील २३० व्होल्टची वीज आणि बॅटरीची टोके यांच्यामध्ये आडपडदाच राहत नाही. बॅटरीच्या शिशाच्या टोकाला ओला हात लागला, तर समोर बॅटरी नसून थेट वीज मंडळ उभे असते. हा उमेदवार आम्ही एका क्षणात बाद केला. चौथा उमेदवार जुन्या ध्वनिवर्धकातील कड्याच्या आकाराचे रोहित्र. हा खरोखर गुणी. वजनाला हलके, गुणगुण कमी, आणि वरून नवे फेरे गुंडाळायला सोपे. पण हाती आलेले नग तीनशे व्हीएच्या पुढचे नव्हते. एकाच मापाची दोन रोहित्रे समांतर जोडता येतात हे खरे. पण दोन्हींचे दाब अगदी सारखे हवेत आणि टोके अचूक जुळलेली हवीत, नाही तर ती एकमेकांतच प्रवाह फिरवून तापत बसतात.

तयार मिळणारे हलके इलेक्ट्रॉनिक चार्जर का घेतले नाहीत, असेही कोणी विचारील. ते उत्तम असतात, आणि ज्यांना परवडतात त्यांनी ते खुशाल घ्यावेत. आमची अडचण वेगळी होती. शेतावरच्या जनरेटरची वीज वेडीवाकडी. पंप सुरू झाला की तिचा दाब आणि वेग दोन्ही हेलकावतात. नाजूक पाटी जळाली, तर भर पावसात ती गावात दुरुस्त कोण करणार? तांब्या-लोखंडाचे यंत्र काकांना डोळे मिटून उघडता येत होते.

अखेर नवे रोहित्र गुंडाळून घ्यायचे ठरले. काकांनी वहीच्या पानावर गणित मांडले. ७५० व्हीएसाठी गाभ्याचा मधला छेद ३० चौरस सेंटिमीटर. चुंबकत्वाची मर्यादा १.२ टेस्ला, लोखंड याहून अधिक सोसते, पण जनरेटरचा वेग मंदावला किंवा मध्यरात्री लाइनचा दाब वाढला, तर गाभा काठोकाठ भरू नये म्हणून ही सवड. त्यावरून दर व्होल्टला सव्वा फेरा. पहिल्या वेटोळ्याचे २८८ फेरे, अठरा गेजच्या तारेचे. दुसऱ्याचे केवळ वीस. पण त्यासाठी पाच मिलिमीटर रुंद आणि तीन मिलिमीटर जाड तांब्याची पट्टी. अठराव्या, एकोणिसाव्या आणि विसाव्या फेऱ्यावर टोके काढली, की १४.४, १५.२ आणि १६ व्होल्ट मिळतात.

वसई रोडहून लोकल पकडून आम्ही ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोडच्या गल्ल्यांत फिरलो. एका दुकानात किंमत पुष्कळच कमी सांगितली गेली. काकांनी नमुन्याच्या तारेचे टोक चाकूने खरवडले. तांबूस लेपाखाली पांढरी धातू चमकली. अ‍ॅल्युमिनियम वाईट असते असे नाही. मोठमोठ्या रोहित्रांत ते उघडपणे वापरले जाते. पण त्याचा विद्युत्रोध तांब्याच्या दीडपटीहून अधिक असल्याने तार त्या मानाने जाड घ्यावी लागते. तांब्याच्या मापाने, तांब्याच्या रंगात आणि तांब्याच्या नावाने ते विकणे, ही मात्र फसवणूक. पुढच्या गल्लीतल्या एका कारागिराने आमच्यासमोर तांबे वजन करून दिले, आणि दोन वेटोळ्यांच्या मध्ये विद्युत्रोधक कागदाचे किती थर घालणार, हे न विचारता सांगितले. आम्ही काम त्याला दिले.

रोहित्र घरी आल्यावर त्याची परीक्षा झाली. आधी मेगरने दोन्ही वेटोळ्यांतील आणि गाभ्यामधील विलगता तपासली. मग भार न जोडता तासभर चालवून पाहिले. ते जेमतेम कोमट झाले. शेवटी रिकाम्या बॅटऱ्या आणि जोडीला मोटारीचे जुने दिवे लावून पूर्ण प्रवाहावर आठ तास चालवले. दर अर्ध्या तासाने आमचा तरुण मित्र आकडे लिहीत होता. खोलीचे तापमान ३१ अंश. गाभा चढत चढत ७० अंशांवर गेला आणि तेथे स्थिरावला. तापणे थांबले, याचा अर्थ जेवढी उष्णता निर्माण होते तेवढी बाहेर जाते आहे. अशा स्थितीत ते यंत्र आठ तासच काय, आठवडाभरही चालेल. त्या वहीतला हा स्थिरावलेला आकडा पाहून आम्हांला जे समाधान वाटले, ते शब्दांत सांगणे कठीण.

यापुढचे काम साधे होते, पण टाळण्याजोगे नव्हते. डायोडांचा पूल साठ वॅट उष्णता टाकतो, म्हणून त्याला अ‍ॅल्युमिनियमचा रुंद पंखेदार पत्रा दिला. दोन्ही बाजूंना फ्यूज, पेटीला अर्थिंग, आणि १४.४ व्होल्टला चार्जर बंद करणारा रिले बसवला. भरताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. तो ज्वालाग्राही असतो. आपल्या घरांत वेदीपुढे मेणबत्ती किंवा दिवा तेवत असतो, आणि इन्व्हर्टर ठेवायलाही पुष्कळदा तोच कोपरा मिळतो. तसे करू नये. ज्या खोलीत प्राणवायूचे यंत्र आहे, तेथे तर उघडी ज्योत मुळीच नको. आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे भरलेला सिलिंडर हाताशी असावाच. कोणत्याही चार्जरच्या भरवशावर माणसाचा श्वास एकटा सोडू नये.

२०२२ च्या जुलैमध्ये दोन दिवस धो धो पाऊस लागला आणि गावची वीज गेली. चार्जर सकाळी चालला, संध्याकाळी चालला. रात्री बॅटऱ्यांनी यंत्र चालवले. दुसऱ्या पहाटे आम्ही त्या घरी गेलो, तेव्हा आजोबा गाढ झोपेत होते. त्यांच्या सूनबाईंनी आम्हांला चहा दिला आणि हळू आवाजात सांगितले, "रात्री एकदाही उठावं लागलं नाही." एवढेच त्या चार्जरचे प्रमाणपत्र.

ते आजोबा आता प्रभूकडे गेले आहेत. २०२३ च्या आगमनकाळात, भरलेल्या घरात, त्यांना शांतपणे मरण आले. चार्जर त्यानंतर तीन घरी जाऊन आला. ज्या घरी जातो, तेथे त्याच्यासोबत ती वहीही जाते. तिच्यात फेऱ्यांचा हिशेब, तारेचे गेज, फ्यूजचे माप आणि आठ तासांचे आकडे आहेत. पेटी उचलताना नवीन माणूस हमखास म्हणतो, "केवढं हे वजन!" तेव्हा आमचा तरुण मित्र, जो आता नोकरीला लागला आहे, काकांच्याच आवाजात उत्तर देतो, "रात्रभर द्यायचं असेल, तर आत तेवढं असायला हवं."